कमी पडलेला थेंब

श्रावण लागला होता. नऊ दिवस नुसती झिमझिम लागून राहिली होती. घाटाकडचा डोंगर सकाळी दिसायचाच नाही, दुपारी थोडा दिसायचा आणि पुन्हा धुक्यात जायचा. घरातलं सगळं ओलसर झालं होतं. मीठ, काड्यापेटी, अंथरूण, भिंतीही.

आवडाबाई उंबऱ्याजवळच्या उजेडात पाट टाकून बसली होती. पाटावर पोस्टकार्डाएवढा जाड पांढरा कागद होता आणि त्यावर चार गोल छापलेले होते. समोर तिचा नवरा कडुबा बसला होता, उजवा हात पुढं करून. तळव्याला सिमेंटनं पडलेले जुने घट्टे अजून गेले नव्हते. पंचवीस वर्षं त्यानं गवंडीकाम केलं होतं. कन्नडपासून घाटापर्यंतच्या कितीतरी विहिरींचे चिरे त्याच्या हातचे होते.

"तिकडं बगा," आवडाबाई म्हणाली.

कडुबा आधीच तिकडं बघत होता. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी शेजारी होता. साठ फूट विहिरीत दोरावर लोंबकळणारा हा माणूस टोचणी बघितली की मान फिरवायचा.

टक्‌ असा आवाज झाला. बोटाच्या कडेला लाल टाचणीचं डोकं उगवलं आणि तिथंच थांबलं. आवडाबाईनं बोट खालून वर चोळलं. थेंब वाढेना. कातडीच एवढी जाड, रक्त तरी कुठून येणार? तिनं दुसऱ्या बोटाला टोचलं, मग तिसऱ्या. कडुबाच्या कपाळावर घाम आला.

"झालं का?"

"व्हतंय."

दोन गोल काठोकाठ भरले पाहिजेत, असं शहरातल्या दवाखान्यात संध्या सिस्टरनं सांगितलं होतं. भरले होते ते निम्मेच. कडुबा डोळे मिटून बसला होता. अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनच्या दोन जाड सुया त्याच्या डाव्या हातात जात होत्या. तिथली शीर अजून दोरखंडासारखी फुगलेली होती. आता आणखी किती टोचायचं याला, असं आवडाबाईच्या मनात आलं.

"झालं," ती म्हणाली. "जा, कॅप्सूल घ्या. चहा चुलीवर हाय."

तो उठून आत गेला. तिनं नवी टोचणी घेतली, आपल्या अंगठ्याजवळच्या बोटाला लावली आणि दाबली. तिचं रक्त लगेच आलं. उरलेला अर्धा गोल तिनं भरून काढला, मग दुसरा. दोन्ही रक्तं कागदात पसरत एकमेकांना मिळाली. कुठं सांधा दिसला नाही.

तिला यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. मागच्या वैशाखात तिची डावी किडनी काढून कडुबाच्या पोटात बसवली होती. त्याआधी तपासण्यांच्या कागदांवरून नजर वर करून डॉक्टर म्हणाले होते, "काकू, तुमचं आणि काकांचं रक्त जुळतंय." त्या घरात तेवढं चांगलं वाक्य चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं. तिनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. सख्ख्या भावाचं जुळलं नाही, बायकोचं जुळलं. आता दोघांच्या अंगात एकेक किडनी होती, जोडीतली. मग थेंबभर रक्त याचं काय आणि तिचं काय.

कार्ड तीन तास सपाट सुकवायचं होतं. ऊन लागू द्यायचं नाही, चुलीजवळ न्यायचं नाही, हात लावायचा नाही. तिनं ते ज्वारीच्या कोठीवर ताटात ठेवलं आणि माशा बसू नयेत म्हणून वर दुरडी पालथी घातली. ओल्या हवेत रक्त लवकर सुकेना. ती कोठीला टेकून राखण करत बसली. बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं. त्या आवाजानं तिचे डोळे जड झाले.

डोळा लागला की तिला नेहमी विहीर दिसायची. वरून बघितलेली, गोल, पांढऱ्या चिऱ्यांची. खाली कडुबा थर रचतोय आणि त्याच्या पायाशी पाणी चढतंय. ती वरून म्हणायची, "या आता वर." तो मान वर न करता म्हणायचा, "अजून एक थर." पाणी कोमट आहे हे तिला वरूनच कळायचं. भीती वाटायची नाही. जाग आली की डाव्या कुशीवरच्या लांब व्रणात हलकीशी कळ असायची, आणि आतून कडुबा पाणी पिताना भांड्याचा आवाज यायचा. तो पाणी प्यायला की तिचीही तहान भागल्यासारखी वाटायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

रक्त सुकून गर्द तांबडं झालं. तिनं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, ओल शोषणारी पुडी आत टाकली आणि डोक्यावर पोतं घेऊन पोस्टात देऊन आली. मग खुरपं घेऊन ती अद्रकीच्या निंदणीला गेली.

ही कार्डं आली ते दोघांना बरं झालं होतं. आधी दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला शहरात जावं लागायचं. पहाटे कडुबाला उपाशी उठवायचं, जीपनं कन्नड, तिथून एसटी, आणि परत येईस्तोवर दिवस मावळायचा. दोघांचा रोज बुडायचा. कडुबाकडं आता ग्रामपंचायतीच्या पाण्याचं काम होतं. सकाळी मोटार चालू करायची आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं. जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून हे काम. कार्ड देताना संध्या सिस्टरनं सगळं नीट समजावलं होतं.

"शरीराला कळतं, काकू, की ही किडनी दुसऱ्याची आहे. ते तिच्याशी भांडायला उठतं. ही कॅप्सूल त्या भांडणाला झोपवून ठेवते. कमी पडली तर भांडण जागं होतं. जास्त झाली तर किडनीलाच त्रास. म्हणून रक्तात किती आहे ते आम्हाला बघत राहावं लागतं."

"दुसऱ्याची कशी?" आवडाबाई म्हणाली होती. "मपलीच हाय ना ती."

सिस्टर हसली होती. "हो, तुमचीच."

त्या हसण्यावरून आवडाबाईचा तसाच समज राहिला.

कार्ड गेल्यावर पाचव्या दिवशी फोन आला. आवडाबाई वाफ्यात होती. तिनं लुगड्याला हात पुसून फोन कानाला लावला.

"काकू, काकांची लेव्हल कमी आलीये. जेवढी पाहिजे त्याच्या निम्मीच. काका गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"घेतात की. सकाळी आठला, रात्री आठला. मपल्यासमोर."

"बरं. डॉक्टरांनी सकाळची एक वाढवायला सांगितलीये. पंधरा दिवसांनी पुन्हा कार्ड पाठवा."

सकाळची एक वाढली. पंधरा दिवसांनी पुन्हा तो पाट, तो कागद, तेच अडलेलं रक्त आणि तिच्या बोटाचा भरणा. पुन्हा फोन आला, पुन्हा लेव्हल कमी. या वेळी सिस्टर म्हणाली, "संध्याकाळचीही एक वाढवा. आणि या आठवड्यात इकडं येऊन जा. हातातलं रक्त काढून बघू." कडुबा निघणारच होता, पण गावची मोटार जळाली. नवी बसेस्तोवर टँकर आला आणि टँकरवर कडुबाच लागायचा. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं तो म्हणाला. पुढचा आठवडा तसाच गेला.

भादव्याच्या सुरुवातीला त्याचे हात थरथरायला लागले.

आधी चहाची बशी वाजली. मग त्याला कुडत्याच्या गुंड्या लावता येईनात. सकाळी आवडाबाई त्याच्यापुढं उभी राहून गुंड्या लावायची आणि तो तिच्या डोक्यावरून लांब बघत राहायचा. डोकं ठणकतंय म्हणायचा. झोप नावाला उरली नव्हती. दिवसा दारात बसल्या बसल्या त्याची मान कलंडायची आणि पुन्हा दचकून वर यायची.

"आवडे, कुणी हाक मारली का?"

"नाय बा."

"खालून मारल्यावानी वाटली. तळातून." थोड्या वेळानं म्हणायचा, "आडगावच्या विहिरीचा एक चिरा मी उलटा बसिवलाय. आज आठवलं."

त्याचं बोलणं ऐकताना तिलाही गुंगी आल्यासारखं व्हायचं. धुकं दारापर्यंत आलेलं असायचं, पलीकडच्या घराचे पत्रे दिसायचे नाहीत, नुसत्या कोंबड्या ऐकू यायच्या. आपण दोघं कुठंतरी पाण्याखाली बसलोय आणि वर गाव चाललंय, असं तिला वाटायचं.

एक दिवस व्हॉल्व्हची लोखंडी चावी त्याच्या हातातून निसटली. खड्ड्यात उतरून त्यानं ती पुन्हा बसवली, दोन्ही हातांनी धरली, तरी फिरेना. वर साहेबराव उभा होता. तो पंचायतीचा सदस्य, आणि आवडाबाई निंदणीला जायची ती अद्रकही त्याचीच. भोवती घागरी घेऊन सात-आठ बाया थांबल्या होत्या.

"कडुबा, हात कामून थरथरू राह्यले रे?" साहेबरावनं विचारलं. "घ्यायला लागला का काय?"

एक बाई हसली. कडुबा आयुष्यात कधी प्यायला नव्हता. त्यानं चावी छातीशी धरली आणि अंगाचा भार टाकून फिरवली. पाणी आलं. तो वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले होते.

घरी आल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, "माणसं म्हणतेत मी पितो."

"म्हणू द्या."

"उद्या काम काढून घेतील."

दोन दिवसांनी तिसऱ्या कार्डाची पाळी होती. या खेपेला त्याच्या बोटावर थेंब आला खरा, पण हात इतका हलला की तो कार्डाच्या कडेला सांडला. दुसरा थेंब पाटावर पडला. कडुबाच्या ओठांचा रंग उतरला.

"ऱ्हाऊ दे," आवडाबाई म्हणाली. "तुमी पडा जरा. मी बघते."

त्या दिवशी तिनं नवं कार्ड घेतलं आणि दोन्ही गोल आपल्याच रक्तानं भरले. एका थेंबात एक गोल, काठोकाठ, सिस्टरनं दाखवला होता अगदी तसा. इतकं सुंदर कार्ड आजवर गेलं नव्हतं.

फोन आला तेव्हा दोघंही घरात होते. भाकरी थापताना हात पिठाचे होते म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर लावला.

"काकू, खरं सांगा," संध्या सिस्टरचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काका गोळ्या फेकून देतात का?"

"काय म्हणता, सिस्टर?"

"रक्तात औषधाचा मागमूस नाहीये. शून्य. थोडी कमी आली असती तर समजलं असतं. शून्य म्हणजे कित्येक दिवस घेतलंच नाही. डॉक्टर फार चिडलेत. असं केलं तर किडनी जाईल. तुमची किडनी आहे, काकू. तुम्हीच लक्ष द्या. आणि उद्याच्या उद्या या."

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. कडुबा उठला, फळीवरचा डबा काढला आणि रिकामी झालेली सगळी पाकिटं जमिनीवर ओतली. महिन्याभराची होती ती. त्यानं फेकली नव्हती, कारण पुढच्या खेपेला तेच दाखवून औषध मिळायचं. थरथरत्या बोटांनी तो एकेक पाकीट सरळ करून मांडायला लागला.

"हे बग. हे बी बग. एक तरी हाय का आत?" तो म्हणाला. "तुला तर दिसतंय ना मी गिळू राह्यलो ते?"

"दिसतंय."

"मग जातंय कुठं?"

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. जेवण झालं नाही कुणाचंच. सकाळी ती निंदणीला गेली, कारण आदल्या दिवशी अर्ध्यावर सोडलेला वाफा पुरा करायचा होता. दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. धुकं इतकं दाट होतं की शेजारच्या सरीतल्या बाया नुसत्या सावल्यांसारख्या सरकत होत्या. ती खुरप्यानं गवत उपटत होती आणि डोक्यात सिस्टरचा शब्द फिरत होता. मागमूस नाही. मागमूस नाही. याच्या रक्तात मागमूस नाही.

खुरप्याच्या मुठीशी तिचं बोट दुखलं. पाच-सहा दिवसांपूर्वीची टोचलेली जागा ओल्या मातीनं काळी झाली होती. ती त्या ठिपक्याकडं बघत राहिली. याच्या रक्तात नाही. पण ते रक्त याचं नव्हतंच. ते तिचं होतं. आणि तिनं ती कॅप्सूल कधी जिभेवर सुद्धा ठेवली नव्हती.

मग मागचं सगळं सुटत गेलं. अर्धा गोल तिचा, म्हणून लेव्हल निम्मी. निम्मी आली म्हणून एक वाढली. पुन्हा अर्धा तिचा, पुन्हा एक वाढली. हात थरथरले. झोप गेली. खालून हाका यायला लागल्या.

तिनं खुरपं वाफ्यातच टाकलं. मुकादमीण मागून काहीतरी म्हणाली, ते तिनं ऐकलं नाही. चिखलात पाय घसरत होते. पळू नको असं ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं, तरी ती पळाली. कुशीतला व्रण ओढला जात होता. धुक्यातून घराचं दार समोर आलं तेव्हा कडुबा आत पाटावर बसला होता. त्याच्या तळव्यावर चार कॅप्सूल होत्या आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

"घेतल्या का?" तिनं धापा टाकत विचारलं.

"सकाळच्या घेतल्या. ह्या जास्तीच्या. रक्तात उतरत नाय तर उतरेपस्तोर घेतो. शून्य म्हणतेत मला."

तिनं त्याचा हात धरला आणि कॅप्सूल आपल्या मुठीत ओढून घेतल्या.

"शून्य तुमचं नाय. मपलं हाय," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. ती खाली बसली आणि सांगायला लागली. पहिल्या कार्डापासून सगळं. तो मान फिरवायचा तेव्हा ती काय करायची ते. रक्त जुळतंय असं डॉक्टर म्हणाले होते ते. सांगताना तिनं वर बघितलं नाही, ती त्याच्या पायाच्या नखांकडं बघत होती.

"तू टोचून घेतलंस," कडुबा शेवटी म्हणाला. मग तो भिंतीला धरून उठला. "चल."

जीपमध्ये तो पुढं बसला, ती मागं. एसटीत तो खिडकीला डोकं लावून बसला. घाट मागं पडला तसं धुकं संपलं. मक्याची उभी शेतं, पाण्याचे डबरे, पिवळं ऊन सगळं काचेवरून सरकत गेलं. आवडाबाईला ते कुणा दुसऱ्याच्या स्वप्नातलं वाटलं. दवाखान्यात गेल्यावर काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि दर थांब्याला विसरत होती.

संध्या सिस्टर तिशीच्या आतली, भराभर चालणारी पोरगी होती. दोघांना बघितल्यावर ती रागानंच पुढं आली. मग तिनं कडुबाचे हात बघितले आणि थांबली.

"सिस्टर," आवडाबाई म्हणाली, "ते कार्डावरचं रक्त यांचं नव्हतं. मपलं व्हतं."

बाकावर बसलेली सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली. सिस्टरनं तिला दंडाला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. तिथं तिला पुन्हा सगळं सांगावं लागलं. डॉक्टर पन्नाशीचे, केस पिकलेले. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, रक्त जुळतं म्हणजे तुमची किडनी त्यांना चालते, एवढंच. रक्त ज्याचं त्याचंच राहतं. गोळी ते खातात, ती त्यांच्याच रक्तात असणार."

"आता समजलं, साहेब."

"आम्हीच आधी नीट सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग सिस्टरकडं न बघता म्हणाले, "आणि दोनदा डोस वाढवण्याआधी हातातलं रक्त बघायला पाहिजे होतं. तेवढं आमचं चुकलं."

कडुबाच्या दंडातून रक्त काढलं. संध्याकाळी आकडा आला. पाहिजे त्याच्या तिपटीहून जास्त. किडनीला सूज आली होती आणि तिचं काम मंदावलं होतं. त्याला भरती करून घेतलं, कॅप्सूल बंद केल्या, हाताला सलाईन लावलं.

"जाईल का ती?" आवडाबाईनं दारात सिस्टरला विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही, काकू. दोन-तीन दिवस बघू. लघवी किती होते ते लिहीत जा."

सिस्टरनं तिला एक मापाचं प्लॅस्टिकचं भांडं दिलं. तीन दिवस आवडाबाईनं तेच केलं. भांडं उजेडात धरायचं, रेषेपर्यंत डोळा आणायचा, कागदावर आकडा काढायचा, धुऊन ठेवायचं. शाळा तिची चौथीपर्यंतच झाली होती, पण आकडे तिनं स्वच्छ काढले. रेषेच्या वर असेल ते वर, खाली असेल ते खाली. एकदा भांड्यात फार कमी आलं. तिचा हात थबकला, तरी तिनं होतं तेवढंच लिहिलं.

कडुबा छताकडं बघत पडलेला असायचा. पंखा हळू फिरायचा. दुपारी वॉर्डात सगळे पेंगायचे, परिचारिकाही खुर्चीत मान टाकायच्या, आणि पडदे वाऱ्यानं आत येऊन परत जायचे. अशा एका दुपारी आवडाबाईनं हळूच आपला कान त्याच्या डाव्या हाताच्या फुगलेल्या शिरेवर ठेवला. तिथं आत रक्त वाहताना गुणगुण व्हायची, लांबच्या मोहोळासारखी. मशीनच्या दिवसांत ती असंच ऐकायची. गुणगुण चालू होती. तिचे डोळे मिटले.

जाग आली ती तिचा हात कुणीतरी उलटा करत होतं म्हणून. कडुबा तिची बोटं बघत होता. मातीच्या भेगांमधे लहान काळे ठिपके होते.

"किती बारी टोचलंस?"

"पाच-सा बारी आसल."

त्यानं एकेका ठिपक्यावर अंगठा फिरवला. अंगठा अजून थरथरत होता, पण कमी.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"येनारच."

"किडनी दिलीस तव्हा विचारून दिलीस. गावदेखत. हे लपून कामून दिलं?"

"तुमचा जीव घाबरा व्हायचा. मला बगवत नव्हतं."

"मग म्हनायचं, निघत नाय रक्त. मी म्हनलो असतो, अजून टोच." त्यानं छताकडं बघितलं. "सिस्टरनं शून्य म्हनलं ना, आवडे, तव्हा मलाच वाटाया लागलं मी गिळत नसल. गिळल्याचं सपान पडत आसल मला."

तिनं त्याचा हात पुन्हा चादरीवर ठेवला. डोळे मिटता मिटता तो म्हणाला, "त्यो चिरा बी उलटा नाय. सरळच बसिवलाय मी. आज ध्यानात आलं." आणि झोपला. दिवेलागणीपर्यंत झोपला.

चौथ्या दिवसापासून भांड्यातलं माप वर चढू लागलं. सहाव्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन आले. औषधाची लेव्हल उतरली होती. किडनी सावरली होती, पण पूर्वीइतकी नाही.

"थोडं नुकसान राहील," ते म्हणाले. "सांभाळलं तर पुष्कळ वर्षं चालेल. नुसत्या कार्डावर मात्र आता सोडणार नाही. महिन्याला एकदा इथंही यायचं."

"येऊ," कडुबा म्हणाला.

साहेबरावचा फोन येऊन गेला होता. त्यानं पाण्यावर दुसरा माणूस लावला होता, महिन्यापुरता म्हणाला. महिना म्हणजे किती ते दोघांनाही माहीत होतं. कडुबानं फोनवर एवढंच सांगितलं, "दारू नव्हती, पाटील. औषध जास्त झालं व्हतं." पलीकडून काय उत्तर आलं ते आवडाबाईला ऐकू आलं नाही.

निघायच्या दिवशी औषधं घेण्यासाठी ते बाहेरच्या बाकावर थांबले. समोरच्या टेबलाशी संध्या सिस्टर एका नव्या जोडप्याला कार्ड शिकवत होती. लासूर स्टेशनकडची माणसं होती. नवरा धान्याच्या मोंढ्यात हमाली केलेला, रुंद पंजाचा. बायको कृश, पदर कपाळापर्यंत ओढलेला. किडनी तिनंच दिली होती, हे तिच्या बसण्यावरून आवडाबाईनं ओळखलं. ती स्वतःही तशीच डाव्या बाजूला हात ठेवून बसायची.

सिस्टरनं बायकोच्या हातात टोचणी दिली. टक्‌ आवाज झाला. हमालाच्या बोटावर इवलासा थेंब आला. बाईनं तो कार्डाला टेकवला. गोल अर्धा भरला आणि थांबला. तिनं बोट चोळलं, पुन्हा चोळलं. मग ती आपल्याच बोटांकडं बघायला लागली. आवडाबाईनं ती नजर बघितली.

ती बाकावरून उठली. सगळे ऐकतील असं तिच्या मनात आलं, आणि कडुबा शेजारीच बसला होता. तरी ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, कमी पडलं तर कमीच धाडायचं," ती म्हणाली. "तुपलं रक्त घालून भरू नको. मी भरलं व्हतं. ह्यांचा जीव जाता जाता ऱ्हायला."

लासूरची बाई तिच्याकडं बघत राहिली. "पन डॉक्टर म्हनले, दोघांचं जुळतंय."

"मला बी तसंच म्हनले व्हते."

संध्या सिस्टरनं हातातला पेन खाली ठेवला. हमाल नवरा आपल्या बायकोच्या बोटांकडं पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघायला लागला.

"कोमट पाण्यात हात बुडवायला लाव त्यांना," आवडाबाई म्हणाली. "मग हात खाली सोडून बसवायचं. तरी नाय आलं तर आख्खं कार्ड बाजूला ठेव आन् सिस्टरला फोन कर. म्हनायचं, निघालं नाय. लाजू नको."

मागून कडुबाचा आवाज आला.

"आन् त्यांना बी सांग, किती निघालं ते. ते घाबरले तर घाबरू दे."

सिस्टरनं आतून कोमट पाण्याचं भांडं आणलं. हमालानं आपला रुंद पंजा त्यात बुडवला. त्याच्या बायकोनं सरकून आवडाबाईला शेजारी जागा केली. आवडाबाई बसली, आणि पाण्यातला तो हात हळूहळू लालसर होत जाताना दोघी बघत राहिल्या.